चढतच गेलेला आलेख: लाळेतलं अमायलेज, तापमान आणि सामू

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राणिशास्त्र शिकवते. एप्रिलची दुपार होती, पंखा नावापुरता फिरत होता आणि समोर बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या जर्नलांचा गठ्ठा. प्रयोग दरवर्षीचाच: लाळेतल्या अमायलेज या विकरावर (एन्झाइमवर) तापमानाचा आणि सामूचा (पीएचचा, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा) परिणाम. सात बेंच, बेंचला दोघं, म्हणजे चौदा जर्नलं. त्यांतल्या बारा जर्नलांतला आलेख घुमटासारखा. चढला, ३७ अंशांवर टेकला, उतरला. सामूचाही तसाच, टोक बरोबर ६.८ वर.

चौथ्या बेंचवरच्या दोघींचा आलेख मात्र चढला तो चढतच गेला. विकर ८० अंशांना सगळ्यात जोरात, आणि सामू ११ ला सगळ्यात जोरात. खाली वळणदार अक्षरात निष्कर्ष: ‘लाळेतील अमायलेज ८० अंश तापमानास व तीव्र अल्कधर्मी माध्यमात सर्वाधिक क्रियाशील असते.’

मी लाल पेनाने फुली मारली, ‘पुन्हा करा’ लिहिलं आणि पुढचं जर्नल उघडलं. दोन-तीन पानं गेली असतील, मग हात थांबला. आम्ही मांडलेली भांडी चार होती: बर्फाचं, खोलीच्या तापमानाचं, ५० अंशांचं आणि ८० अंशांचं. त्या दिवशी खोलीत ३९ अंश होते. ३७ अंशांचं भांडं एकाही बेंचवर नव्हतं. सामूची द्रावणं तर तीनच होती, पट्टीवर ३, ७ आणि ११ दाखवणारी. मग बारा जणांनी ३७ अंशांचं आणि ६.८ सामूचं वाचन घेतलं कुठून? उत्तर उघड होतं. मागच्या वर्षीच्या जर्नलांतून. त्या मागच्या वर्षीच्यांनी त्याच्या मागच्या वर्षीच्या.

म्हणजे चौदांपैकी ज्या दोघींनी खरंच नळीकडे बघून लिहिलं होतं, नेमक्या त्यांनाच मी फुली मारली होती.

दुसऱ्या दिवशी दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. आधीच घाबरलेल्या. एक म्हणाली, “मॅडम, आम्ही खरंच पाहिलं हो. ऐंशीच्या नळीत रंग आलाच नाही.”

आलाच नाही. ‘गेला’ नाही. इथेच मला चुकल्यासारखं वाटलं.

प्रयोग कसा मांडला होता ते आधी सांगते. स्टार्च थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचा, की १ टक्क्याची पातळ खळ तयार होते. लाळ ज्याची त्याने आपापलीच वापरायची: चूळ भरायची, थोडं थांबायचं, चंचुपात्रात गोळा करायची, दसपट पाणी घालायचं, कापसातून गाळायची. स्टार्चला आयोडीन लागलं की गडद निळा रंग येतो. अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनमधून तोडत जातं, तसा तो निळा आधी जांभळा होतो, मग तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तेवढा उरतो. तिथवर पोचायला जितकी कमी मिनिटं, तितकं विकर चपळ. तोंडात ज्वारीची भाकरी नुसती चघळत बसलात तर हळूहळू गोड लागायला लागते, ती याच कामाची चव.

हे नीट पाहायचं तर पांढऱ्या टाइलच्या खळग्यांत आयोडीनचे थेंब मांडून ठेवतात आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यात सोडतात. आमच्याकडे धड टाइल्स दोनच, बेंच सात. म्हणून मी सांगितलं होतं, “आयोडीनचे दोन थेंब सरळ नळीतच टाका आणि निळा रंग कधी जातो ते बघा.” हे वाक्य माझंच. पाच-सहा वर्षं मी ते दर बॅचला सांगत आले आहे.

आता दोघींना सांगितलं, तीच ८० अंशांची नळी पुन्हा लावा, फक्त लाळेऐवजी साधं पाणी घाला. विकर अजिबात नाही. स्टार्च, पाणी, वरून आयोडीन. भांड्यातल्या भांड्यात नळी जवळजवळ रंगहीन राहिली. विकर नसताना स्टार्च ‘पचला’! मग ती नळी बाहेर काढून नळाखाली धरायला लावली. अर्ध्या मिनिटात तळापासून निळा चढत गेला. दोघींतली एक “अय्या” म्हणाली. मी तेही म्हणाले नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर मी सही करून दिलेली सगळी जर्नलं होती.

निळा रंग ही काही स्टार्चची आणि आयोडीनची कायमची गाठ नव्हे. स्टार्चमधल्या अमायलोजची (हे विकर नव्हे, स्टार्चचाच एक घटक) साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीनचे अणू त्या पोकळीत एकामागोमाग एक बसतात, तेव्हा तो रंग दिसतो. तापवलं की वळण सैल पडतं, आयोडीन बाहेर निसटतं, रंग जातो. थंड केलं की परत येतो. (फार वेळ तापत ठेवलं तर आयोडीन वाफेवाटे उडूनच जातं. मग थंड करूनही काही येत नाही, आणि माणूस आणखी फसतो.) लाळ घातलेली ८० अंशांची नळीही आम्ही लगेच थंड केली. तिथेही निळा परतला. म्हणजे विकराने त्या नळीत काहीच काम केलेलं नव्हतं. दोघींचं वाचन खरं होतं. फक्त ते विकराचं नव्हतं, आयोडीनचं होतं.

सामूची नळी आणखी मजेशीर निघाली. अल्कधर्मी द्रावण म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी धुण्याचा सोडा विरघळवून दिला होता. पट्टीवर ११ च्या आसपास. त्या नुसत्या सोड्याच्या पाण्यात, स्टार्च नाही, लाळ नाही, आयोडीनचा थेंब टाकला. थेंबाचा तपकिरी रंग क्षणात नाहीसा. अल्कधर्मी पाण्यात आयोडीनचं रूपांतर आयोडाइड आणि आयोडेट अशा रंगहीन क्षारांत होतं आणि स्टार्चला निळं करायला आयोडीन उरतच नाही. मग सोडा, स्टार्च आणि आयोडीनच्या त्या रंगहीन नळीत मी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायला लावलं. आधी फसफसून वर आलं, कारण सोडाच तो. फेस बसता बसता मधूनच एक निळी रेघ चमकून गेली, आणि आणखी चार थेंबांनी नळी शाईसारखी झाली. आम्लात आयोडाइड आणि आयोडेट पुन्हा एकत्र येऊन आयोडीन परत देतात.

मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “म्हंजी मॅडम, माझ्या सोड्यानं पोरींचा निकाल लावला की.”

सोड्याचा काय दोष. दोष नियंत्रण नळी, म्हणजे बाकी सगळं तेच पण विकर नसलेली नळी, न लावण्याचा होता. तापमान आणि सामू बदलून विकराचं काय होतं ते पाहायला आपण बसतो, पण त्याच नळीत मोजपट्टीही, म्हणजे आयोडीनही, ठेवलेली असते, आणि तिलाही तेच तापमान, तोच सामू सोसावा लागतो. उन्हात ताणलेल्या रबरी टेपने शेत मोजण्यातला हा प्रकार. एवढी साधी गोष्ट मी पुस्तकात वाचली नव्हती असं नाही. लक्षात आली नव्हती, कारण नेहमी हवा तोच आलेख समोर येत होता.

मग प्रयोग पुन्हा मांडला, आता दोघींच्याच हाताने. आयोडीन नळीत टाकायचं नाही. दोन्ही टाइल्स त्यांच्याकडे. खळग्यांतल्या आयोडीनमध्ये किंचित विरल आम्ल मिसळलेलं, म्हणजे अल्कधर्मी नळीतला थेंब आला तरी रंग शाबूत राहील, आणि थेंब पडल्या पडल्या विकराचं कामही तिथेच थांबेल. स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत आधी भांड्याच्या तापमानाला आणायची, मग एकत्र करायची. पूर्वी आम्ही खोलीतली लाळ थेट गरम स्टार्चमध्ये ओतत होतो, त्यामुळे नळी खरोखर कोणत्या तापमानाला होती हे देवच जाणे. लाळ पातळ करायला ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ. लाळेतल्या अमायलेजला क्लोराइड लागतं, त्याशिवाय ते मंदावतं. दसपट पाण्यात लाळेतलं क्लोराइडही दसपट पातळ होतं, ही दुसरी एक गोष्ट आमच्या पद्धतीत राहून गेलेली.

अडचण एकच आली. खोली ३९ अंशांवर असताना २५ अंशांचं भांडं आणायचं कुठून? मामा म्हणाले, “माठातलं पाणी घ्या की.” थर्मामीटर बुडवला तर २६. पुस्तकं ‘खोलीचं तापमान’ म्हणतात ते कुठल्या तरी गार देशातलं. आमचं खोलीचं तापमान माठात असतं.

त्या दिवशीची वाचनं अशी आली. बर्फातल्या नळीत अर्ध्या तासानंतरही निळा. माठातल्या नळीला १४ मिनिटं लागली. खोलीतल्या, म्हणजे ३९ अंशांच्या नळीला ६. पन्नासच्या नळीला ४. साठची नळी पहिल्या दोन मिनिटांत झपाट्याने जांभळी झाली आणि तिथेच अडकली. अर्ध्या तासानंतरही जांभळीच. ऐंशीची पहिल्यापासून शेवटपर्यंत निळी.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. “मॅडम, पण पुस्तकात ३७ आहे. आमचं पन्नास येतंय. परत चुकलं?”

नाही चुकलं. मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात आवडती जागा हीच आहे, कारण ३७ हा आकडा आपल्या डोक्यात शरीराच्या तापमानावरून बसलेला असतो, नळीतल्या मोजणीवरून नाही. गरम भांड्यात एकाच वेळी दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक, रेणूंची धावपळ वाढते, स्टार्च आणि विकर जास्त वेळा आणि जास्त जोराने भेटतात, काम वेगाने होतं. साधारण दर १० अंशांना वेग दुपटीच्या आसपास जातो. माठातली १४ मिनिटं आणि खोलीतली ६ यांचा मेळ त्याच हिशेबात बसतो. दोन, विकर स्वतः मोडत जातं. लाळेतलं अमायलेज म्हणजे ४९६ अमिनो आम्लांची एकच लांब साखळी, ठरावीक घड्या घालून बसवलेली. मुलींना मी फेट्याचं उदाहरण दिलं. फेटा सुटला तरी कापड तेवढंच राहतं, एक सूतही कमी होत नाही. पण ते आता डोक्यावर बसत नाही. उष्णतेने विकराचं तेच होतं. साखळी तुटत नाही, घडी सुटते. आणि स्टार्चला धरणारी जागा घडीतच असते.

पहिली गोष्ट तत्क्षणी घडते. दुसरीला वेळ लागतो. म्हणून ‘विकराला कोणतं तापमान सर्वांत योग्य’ या प्रश्नाला ‘किती वेळासाठी?’ हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही. चार मिनिटांच्या शर्यतीत पन्नास अंश जिंकतील. तासाभराच्या शर्यतीत कदाचित नाही. साठची नळी हेच दाखवत होती: सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे पळाली आणि वाटेत कोसळली.

हे नुसतं बोलण्यावर ठेवायचं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी आणखी एक फेरी. या वेळी स्टार्च न घालता फक्त लाळ वेगवेगळ्या भांड्यांत २० मिनिटं ठेवली, मग सगळ्या नळ्या खोलीच्या तापमानाला आणल्या आणि मग स्टार्च घातला. बर्फातून आलेली लाळ: ६ मिनिटं, जणू काही झालंच नाही. खोलीतली: ६. पन्नासमधून आलेली: ९. साठमधून आलेली: अर्धा तास निळी. थंडी विकराला झोपवते, उष्णता त्याला मोडते, हे वाक्य मी वर्गात शंभरदा फळ्यावर लिहिलं असेल. बर्फातून काढलेली नळी खोलीतल्या नळीच्या बरोबरीने पिवळी होताना पाहणं निराळं.

दुसरीने मध्येच विचारलं, “मग ऐंशीला चालणारं अमायलेज नसतंच का?” असतं ना. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस नावाच्या जिवाणूचं अमायलेज ९० अंशांच्याही वर तग धरतं, आणि मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज बनवणारे कारखाने त्याच्याच जिवावर उकळती खळ पातळ करतात. कापडाच्या धंद्यात सुताला लावलेली कांजी रंगाईआधी काढून टाकायलाही अशीच जिवाणूंची अमायलेजं वापरतात. तेव्हा चौथ्या बेंचचा निष्कर्ष अगदीच अशक्य कोटीतला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या लाळेबद्दल खोटा होता, इतकंच.

सामूच्या फेरीला मी सोडा आणि ॲसेटिक आम्ल बाजूला ठेवून बफर बनवून घेतले: ५ साठी ॲसेटेटचा, ६, ७ आणि ८ साठी फॉस्फेटचा, १० साठी कार्बोनेटचा. नुसते आम्लाचे चार थेंब घालून सामू ५ वर आणला तर लाळ त्यात पडताच तो सरकतो, कारण लाळेत स्वतःचं बायकार्बोनेट असतं. बफर म्हणजे सामूला धरून ठेवणारा खुंटा. निकाल: ७ ला ५ मिनिटं, ६ ला ८, ८ ला ११. पाचच्या नळीत विसाव्या मिनिटालाही तांबूस झाक होती. दहाची निळीच राहिली, आणि या वेळचा निळा खरा निळा होता.

इथे घुमट मिळाला. जरा वाकडा, पण आपला.

सामूने विकराची घडी सुटते ती टोकाला, फार आम्लात किंवा फार अल्कात. मधल्या पट्ट्यात घडी शाबूत असते, आणि तरीही काम मंदावतं. त्याचं कारण विद्युतभार. अमायलेजच्या कामाच्या जागी तीन अमिनो आम्लं कळीची आहेत: १९७ आणि ३०० क्रमांकांवरची दोन ॲस्पार्टिक आम्लं आणि २३३ क्रमांकावरचं ग्लुटामिक आम्ल. स्टार्चचा बंध तुटण्यासाठी ग्लुटामिकने एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) द्यावा लागतो, आणि १९७ च्या ॲस्पार्टिकने त्याच वेळी प्रोटॉन सोडून ऋणभारित असावं लागतं. फार आम्ल झालं की दोघांकडेही प्रोटॉन, फार अल्क झालं की दोघांकडेही नाही. एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही अशी जोडी जिथे सर्वांत जास्त वेळ जुळते, तिथे घुमटाचं टोक. गिळलेला घास जठरात गेला की तिथला सामू दोनच्या आसपास, आणि लाळेतलं अमायलेज तिथे थंडावतं. मात्र घासाच्या आतपर्यंत आम्ल मुरेपर्यंत ते आपलं काम करतच असतं.

या गोष्टीला इतिहासाची एक छान बाजू आहे, ती मी मुलींना सांगितल्याशिवाय राहिले नाही. लाळेने स्टार्च पचतो हे लॉइक्स या जर्मन संशोधकाने १८३१ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या धान्यातून डायस्टेज हे स्टार्च तोडणारं विकर वेगळं काढलं. विकरांच्या नावांना शेवटी ‘एज’ लागतं ते त्याच्यावरूनच. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं दोन प्रयोगशाळांची वाचनं एकमेकांशी नीट ताडून पाहता येत नसत, कारण द्रावण ‘किती आम्ल’ हे सांगायची सोयीची भाषाच नव्हती. ती भाषा, म्हणजे सामू, १९०९ मध्ये सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने दिली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. तो काही मातीचा किंवा पाण्याचा सामू मोजायला बसला नव्हता. विकरांवर काम करत होता. आज शेतकरी माती तपासून आणतो आणि “सामू आठ आलाय” म्हणतो, ती मोजपट्टी विकरांच्या नळीतून बाहेर आलेली आहे.

जर्नलांचं पुढे काय झालं? बारा जणांना बोलावलं आणि एवढंच विचारलं, “३७ अंशांचं भांडं कुठल्या बेंचवर होतं?” कुणी काही बोललं नाही. मीही जास्त बोलले नाही. तो आलेख वर्षानुवर्षं मीच सही करून पुढे पाठवला होता. सगळ्यांनी प्रयोग पुन्हा केला. आकडे बेंचागणिक वेगळे आले, एका बेंचचं काम दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने झालं. त्यावर “आमचं चुकलं का?” हा प्रश्न आलाच. नाही. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, त्यामुळे लाळही कमी-जास्त तेज असते. दुसऱ्याच्या लाळेचे आकडे आपल्या जर्नलात उतरवता येत नाहीत, याला हे एक शास्त्रीय कारणही झालं.

चौथ्या बेंचच्या जर्नलातलं जुनं पान मी फाडू दिलं नाही. फुलीवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, आणि पुढच्या पानावर ‘नियंत्रण नळी’ असा नवा मथळा दोघींनी स्वतःच घातला.

मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या सूचनापत्रात अजून तेच होतं: नळीत आयोडीनचे दोन थेंब टाका. मी मागे उभी होते, बोलायची मुभा नव्हती. त्या दोघींतलीच एक ८० अंशांच्या भांड्यासमोर होती. तिने चिमट्याने नळी उचलली, परीक्षकांकडे एकदा बघितलं, आणि आयोडीनच्या बाटलीकडे न जाता आधी नळाकडे गेली.